लिनोवर कावळा: बारीक कामाचा लिनोकट, हाताने कोरून हातानेच छापलेला

लिनो म्हणजे लिनोलियमचा तुकडा. तो कोरायचा, न कोरलेल्या उंच भागाला शाई लावायची आणि वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासून किंवा प्रेसमध्ये दाबून छाप काढायचा, हा लिनोकट. लिनोवर बारीक काम होत नाही, त्यासाठी लाकूडच हवं, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं आहे. होतं, आणि चांगलं होतं. पिसाच्या काडीपर्यंत, डोळ्याभोवतीच्या वळीपर्यंत जाता येतं, तेही प्रेस नसताना, नुसतं हाताने घासून. मात्र त्यासाठी सर्वांत बारीक तोंडाचं हत्यार शोधत बसलात तर फारसं काही हाती लागणार नाही. बारकावा येतो तो धारेतून, आणि जी जागा आपण कोरत नाही तिच्यातून. हे एकदा हाताला पटलं की पुढचं सवयीने जमत जातं.

मी बहुतेक करून पक्षी कोरते, आणि त्यातही कावळा. कारण सरळ आहे. काहीही न कोरलेला लिनो छापला तर कागदावर सपाट काळं उमटतं आणि कावळाही काळाच, म्हणजे काळं आयतंच मिळालेलं असतं. आपण ठरवायचं ते एवढंच, की या काळ्या अंगावर उजेड नेमका कुठे पडला आहे. पुढे जे सांगते आहे ते अशाच एका कावळ्याच्या अनुषंगाने, साधारण १५ बाय २० सेंटीमीटरच्या ब्लॉकवर. पहिल्या बारीक कामाला हाच आकार घ्या. यापेक्षा लहान ब्लॉकवर डोळा आणि चोच यांना पुरेशी जागा मिळत नाही, आणि यापेक्षा बराच मोठा घेतला तर चमच्याने घासताना मनगट लवकर थकतं.

लिनो निवडताना

लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरण्यासाठी बनलं. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने १८६०च्या दशकात ते तयार केलं. जवसाचं तेल हवेने घट्ट होऊ द्यायचं, त्यात राळ, बुचाचा भुगा आणि लाकडाची भुकटी मिसळायची आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबून बसवायचा. ही कृती मुद्दाम सांगते आहे, कारण लिनोचे सगळे स्वभाव तिच्यातच आहेत. लाकडासारखी तंतूंची दिशा नाही, म्हणून हत्यार आडवं-उभं-तिरकं कसंही सारखंच चालतं. पिसांसारख्या, दिशा सतत बदलणाऱ्या कामाला हे वरदान आहे. तेलाचा पदार्थ असल्यामुळे ऊब लागली की तो मऊ होतो. आणि तेल वर्षानुवर्षं वाळतच राहतं, म्हणून जुना लिनो कडक आणि ठिसूळ होतो. घेताना एक कोपरा हलकेच वाकवून बघा. बारीक तडे गेले किंवा कडेचा भुगा पडू लागला तर तो तुकडा बारीक कामाचा नाही.

मऊ, रबरासारख्या शीट मिळतात त्या हात बसवायला ठीक आहेत. त्या लोण्यासारख्या कापल्या जातात, पण त्यांच्यावर सोडलेली बारीक काळी रेष चमच्याच्या दाबाखाली दबते, पसरते आणि कागदावर जाड उमटते. बारीक कामाला खरा जवसाच्या तेलाचा, तागाची पाठ असलेला, साधारण ३.२ मिलिमीटर जाडीचा लिनोच घ्या. तो मी त्याच मापाच्या प्लायवूडवर चिकटवून घेते. उचलताना ब्लॉक वाकत नाही आणि नाजूक रेषांना तडे जात नाहीत.

कोरण्याआधी पृष्ठभाग तयार करायचा. कारखान्यातून आलेल्या लिनोवर एक तेलकट थर असतो, त्यावर शाई नीट बसत नाही. ४०० नंबरचा आणि नंतर ६०० नंबरचा वॉटर पेपर किंचित ओला करून गोल गोल फिरवा, अगदी हलक्या हाताने. ओरखडा राहिला तर तो सपाट काळ्यात छापला जातो. पुसून, वाळवून त्यावर पाण्यात खूप पातळ केलेला तांबूस ॲक्रेलिक रंग कापडाने चोपडा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि मग करड्या लिनोवर करडीच रेष शोधत डोळे ताणत बसतात. रंग दिलेल्या लिनोवर न कोरलेली जागा गडद आणि कोरलेली फिकट दिसते. म्हणजे कोरता कोरताच छाप कसा येईल याचा अंदाज येत राहतो.

चित्र काळ्या कागदावर काढा

पांढऱ्या कागदावर काळ्या पेन्सिलीने काढलेलं चित्र लिनोवर उतरवायला गेलं की गोंधळ होतो, कारण पेन्सिल जिथे काळं भरते तिथे आपलं हत्यार पांढरं काढत असतं. म्हणून मी काळा कागद आणि पांढरी पेन्सिल घेते. पेन्सिलीचा प्रत्येक फटकारा म्हणजे पुढे हत्याराचा एक फटकारा. पेन्सिल कुठे थांबवायची याची शिस्त इथेच लागते.

दोन कामं नजरेसमोर ठेवा. नंदलाल बोस यांनी १९३०मध्ये दांडीयात्रेच्या वेळी केलेला काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचा लिनोकट: काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेषा, आणि तेवढ्यात चालण्याचा वेग, काठीवरचा जोर, सगळं. दुसरं अमेरिकन-मेक्सिकन चित्रकार एलिझाबेथ कॅटलेट यांचं १९५२चं ‘शेअरक्रॉपर’ (वाट्याने शेती करणारी). त्यातल्या स्त्रीचा चेहरा आणि तिची रुंद काठाची गवती टोपी शेकडो छोट्या फटकाऱ्यांनी घडवली आहे आणि प्रत्येक फटकारा चेहऱ्याच्या, टोपीच्या वळणाबरोबर वळतो. पहिल्यातून काय सोडायचं ते शिकावं, दुसऱ्यातून जे कोरायचं ते कुठल्या दिशेने. बारीक काम करणाऱ्याला दोन्ही लागतं.

छाप उलटा येतो, हे तर माहीत असेलच. उजवीकडे बघणारा कावळा कागदावर डावीकडे बघेल. ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलीने मुख्य रेषा काढा, कागद पालथा घालून पाठीमागून नखाने किंवा चमच्याने घासा. शिसं लिनोवर उतरतं आणि चित्र आपोआप उलटं होतं. कार्बन पेपर वापरणार असाल तर मात्र ट्रेसिंग आधी पालथं घालून मगच गिरवा. उतरलेल्या रेषा पक्क्या करायला इंडिया इंक आणि टाक वापरा. मार्कर पेन टाळा, काही मार्करचा रंग तेलाच्या शाईत सुटतो आणि छापात डोकावतो. आणि सगळी पिसं उतरवत बसू नका. बाह्यरेषा, डोळा, चोच, पंखांच्या मुख्य पट्ट्या आणि उजेडाच्या सीमा एवढंच पुरे. उरलेलं हत्याराने थेट लिनोवर काढायचं आहे. गिरवलेल्या रेषेवरून हत्यार घाबरत चालतं.

हत्यारं तीन, धार मात्र रोजची

एक छोटं व्ही तोंडाचं, एक दीड मिलिमीटरचं यू आणि एक पाच-सहा मिलिमीटर रुंद यू, जागा साफ करायला. कावळ्यातलं जवळजवळ सगळं बारीक काम एकट्या व्हीने होतं. व्हीची गंमत अशी, की तिच्या रेषेची रुंदी खोलीवर ठरते. ६० अंशांच्या व्हीने अर्धा मिलिमीटर खोल गेलात तर वर सुमारे ०.६ मिलिमीटर रुंद रेष मिळते. नुसतं पृष्ठभागाला टेकवत नेलं तर केसासारखी. एकाच हत्यारातून, एकाच फटकाऱ्यात, केसापासून एक मिलिमीटरपर्यंत जाऊन परत केसावर येता येतं. म्हणून मी वर म्हटलं, की बारीक हत्याराच्या मागे लागू नका. धारेच्या मागे लागा.

धार गेली आहे हे बघायची पद्धत: हत्याराचं टोक दिव्याकडे करून थेट धारेवर बघा. चांगली धार दिसतच नाही, कारण तिला उजेड परतवायला जागाच नसते. कुठे पांढरा ठिपका किंवा चमकती बारीक रेघ दिसली तर तेवढी जागा बोथट आहे. दुसरी खूण कोरताना मिळते. धारदार व्हीतून लिनोची एकसंध वळी निघते आणि चराच्या भिंती चकचकीत दिसतात. बोथट झाली की वळी तुटते, भुगा पडतो, कडा दातेरी होतात. तेव्हा आपण नकळत जोर वाढवतो आणि हत्यार घसरतं. बोटाला लागतं तेही बहुतेक असंच.

सपाट फळीच्या तुकड्यावर चामड्याची पट्टी चिकटवा, खरखरीत बाजू वर. तिच्यावर हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची वडी घासा. आता व्हीची एक बाहेरची बाजू चामड्यावर पूर्ण सपाट टेकवा आणि हत्यार स्वतःकडे ओढा, धार मागे राहील असं. पुढे ढकलायचं नाही, ढकललं तर चामडं कापलं जातं आणि धारही गोल होते. एका बाजूला आठ-दहा वेळा, दुसऱ्या बाजूला तितक्याच वेळा, मग दोन्ही बाजू मिळतात तो तळाचा कणा किंचित डोलवत दोन-तीन वेळा. पारजल्यावर आतल्या बाजूला एक न दिसणारी कंगोऱ्यासारखी कड उठते. ती काढायला चामड्याची दुमडलेली कड व्हीच्या आतून एकदा-दोनदा फिरवा. यू असेल तर ओढता ओढता मनगट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळवायचं, म्हणजे वक्राचा प्रत्येक भाग चामड्याला लागतो.

हे काम सुरू करताना एकदा करून भागत नाही. कोरायला बसलं की दर पंधरा-वीस मिनिटांनी पारजायचं, धार गेली आहे असं वाटो न वाटो. नवं हत्यारही वापरण्याआधी पारजा. धारेला खाच पडली असेल तरच दगड किंवा काचेवर ठेवलेला १००० आणि २००० नंबरचा पेपर. एरवी चामडं पुरतं.

नमुन्याची पट्टी

कावळ्याला हात लावण्याआधी लिनोचा एक उरलेला तुकडा घ्या आणि त्यावर चौकोन पाडा. एकात एक मिलिमीटर अंतराने हलक्या रेषा, दुसऱ्यात त्याच अंतराने खोल, तिसऱ्यात अर्ध्या अंतराने, मग आडव्या-उभ्या छेदणाऱ्या, नुसते ठिपके, नुसते छोटे फटकारे. हे सगळं छापा आणि डोळ्यांसमोर लावून ठेवा. लिनोकटमध्ये करडा रंग नसतो. तो पांढऱ्या-काळ्याच्या प्रमाणातून डोळ्याला वाटतो. कोणत्या अंतराला किती करडं दिसतं हे आपल्या हाताच्या, आपल्या हत्याराच्या, आपल्या शाईच्या हिशेबात कळलं पाहिजे, आणि ते दुसऱ्याच्या सांगण्यातून कळत नाही. दोन करडे ठरवा, एक उजळ आणि एक गडद. काळा, पांढरा आणि हे दोन, एवढ्यावर पूर्ण कावळा उभा राहतो.

कोरताना

थंडीत लिनो आधी ऊबेत ठेवा: उन्हात, हेअर ड्रायरसमोर किंवा कापड घालून कोमट इस्त्रीखाली. फार गरम नको. जास्त मऊ झाला तर कडा स्वच्छ कापल्या जात नाहीत.

टेबलाच्या कडेला अडकणारी फळी करून घ्या. एका टोकाला खालच्या बाजूने पट्टी ठोकायची, दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूने. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला ब्लॉक टेकतो आणि ढकलताना सरकत नाही. हत्याराचा मुठीचा गोळा तळव्यात, तर्जनी पात्यावर, आणि दुसरा हात नेहमी हत्याराच्या मागे. दुसरा हात कधीही पात्याच्या पुढे नको, अगदी सेकंदभरही. दिवा बाजूने आणि कमी उंचीवरून, म्हणजे प्रत्येक चरात सावली पडेल असा. डोक्यावरच्या उजेडात बारीक चर दिसत नाहीत. भिंग असलेला दिवा असेल तर उत्तम.

वळणावर हत्यार वळवू नका, ब्लॉक वळवा. हत्याराचा हात जवळजवळ सरळच जातो आणि दुसरा हात त्याच्याखाली ब्लॉक फिरवत राहतो. डोळ्याभोवतीचं वर्तुळ असंच निघतं.

सुरुवात डोळ्याने. हात ताजा असतो, धार ताजी असते, आणि डोळा बिघडला तर फार काम वाया न जाता नवा तुकडा घेता येतो. कावळ्याचा डोळा जवळजवळ पूर्ण काळाच ठेवायचा. बुबुळाच्या वरच्या बाजूला, उजेड येतो त्या दिशेला, व्हीचं टोक फक्त टेकवून उचला; तांदळाच्या कणीएवढंही नको. मग खालच्या पापणीच्या कडेवर एक केसासारखी चंद्रकोर. बस्स. डोळ्यात याहून जास्त कोरलं की नजर जाते.

चोचीवर उजेड लांब आणि गुळगुळीत पडतो. तिथे फटकारे चोचीच्या लांबीने न्या, वरच्या कण्याजवळ दाट, खाली विरळ, आणि दोन्ही टोकं निमुळती. चोचीच्या बुडाशी पुढे झुकलेली राठ केसांसारखी पिसं असतात. ती कोरायची नसतात, ती सोडायची असतात: त्यांच्या मधल्या फटी तेवढ्या व्हीने काढा, पिसं काळी आपोआप उभी राहतात. मला या ब्लॉकमधली सर्वांत आवडती जागा हीच.

आता पंखाचं मोठं पीस. मधोमध काडी, दोन्ही बाजूंना तिरके तंतू. तंतू मोजायचे नाहीत. पिसाच्या ज्या कडेवर उजेड आहे तिथे हत्यार जरा खोल घुसवा आणि काडीकडे नेता नेता मूठ खाली झुकवत वर काढा. रेष कडेला जाड आणि आत जाता जाता काळ्यात विरून जाते. पुढची रेष तिच्याशेजारी, मध्ये एक बारीक काळी भिंत सोडून. काही रेषा लांब, काही आखूड ठेवा, म्हणजे उजेड जिथे संपतो तिथे ठळक सीमा दिसत नाही. काडी स्वतः काळीच राहू दे, फक्त तिच्या एका बाजूला टोकापर्यंत जाणारी एक अखंड केसरेष. आणि एक पीस दुसऱ्यावर चढतं तिथे वरच्या पिसाच्या कडेखाली काळी पट्टी सोडायलाच हवी. ती सोडली नाही तर दोन्ही पिसांचे पांढरे एकमेकांत मिसळतात आणि पंखाची चटई होते. पोटाकडची, सावलीतली पिसं मी जवळजवळ कोरतच नाही; चार-पाच विखुरलेले फटकारे दिले की बघणारा उरलेली पिसं स्वतः बघतो.

पाय आणि खालची फांदी पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या येतात, तिथे काम उलटं होतं. आता बारीक रेष कोरायची नाही, उभी ठेवायची आहे. तिच्या दोन्ही बाजूंनी कोरताना हत्यार किंचित रेषेकडे झुकवा, म्हणजे रेषेच्या भिंती तळाकडे पसरट होतील, शेतातल्या वरंब्यासारख्या. भिंती आतल्या बाजूला पोखरल्या गेल्या तर ती रेष चमच्याच्या दाबाखाली मोडते. अर्ध्या मिलिमीटरचा वरंबा लिनोत सहज टिकतो. त्याहून बारीक नेता येतो, पण तेव्हा ऊब आणि धार दोन्ही हवीत.

मोठी पांढरी जागा सर्वांत शेवटी साफ करा. तोवर आजूबाजूचा उभा लिनो बारीक कामाला आधार देतो. रुंद यूने दीड मिलिमीटरपर्यंत खाली जा, तागापर्यंत नको. तागाचे धागे वर आले की शाई धरतात. साफ करतानाचे चर थोडेफार छापले जातातच, म्हणून त्यांची दिशा कावळ्याच्या अंगाभोवती फिरती ठेवा. ते छापले गेले तरी कामाचे ठरतात.

सत्तर-ऐंशी टक्के काम झालं की थांबा. चरांत टाल्कम पावडर भरून वरून पुसली की पांढऱ्या रेषा लख्ख दिसतात. किंवा पातळ कागद ठेवून वर पेन्सिल आडवी घासा. हे दोन्ही शाईला हात न लावता होतं, म्हणून कितीही वेळा करा. फक्त शाई लावण्याआधी पावडर मऊ ब्रशने पूर्ण झटका. नको तिथे घसरलेला चर लाकडाच्या लांबीने (पुट्टीने) बुजवता येतो, वाळल्यावर घासून सपाट करायचा. तिथे पुन्हा बारीक कोरता येत नाही, काळा मात्र बरा छापतो.

शाई आणि कागद

हाताने घासायला वेळ लागतो, एका छापाला पंधरा-वीस मिनिटं सहज. पाण्यात विरघळणारी शाई तेवढ्यात ब्लॉकवरच वाळू लागते. म्हणून शाई तेलाची, ठसाछपाईसाठी बनलेली आणि घट्ट. साबणाच्या पाण्याने धुता येणाऱ्या तेलाच्या शाया मिळतात, त्या चांगल्या. शाई सैल वाटली तर चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घोटून घाला. घट्ट शाई बारीक चरांत उतरत नाही.

काचेवर शाई घेताना हात आखडता ठेवा. रोलर जरा कडक रबराचा हवा. मऊ रोलर चरांत शिरतो. काचेवर रोलर फिरवताना कान द्या. बारीक चरचर येत असेल तर थर बरोबर आहे. चपचप ऐकू आली आणि पृष्ठभागावर दाणे उठलेले दिसले तर शाई जास्त आहे, खरवडून काढा. ब्लॉकवर एक जाड थर देण्याऐवजी पातळ पाच-सहा थर द्या, दर वेळी दिशा बदलून. शेवटी ब्लॉक तिरका धरून बघा. सगळीकडे सारखी मंद चमक, आणि चोचीच्या बुडाशी प्रत्येक फट उघडी. ती जागा बघितली की पुरे, ती उघडी असेल तर बाकी सगळं उघडं असतं.

कागद पातळ, गुळगुळीत आणि लांब तंतूंचा. जपानी कोझो कागद, दर चौरस मीटरला ३० ते ५० ग्रॅमचा, हातछपाईला याहून चांगला मला माहीत नाही. त्याची गुळगुळीत बाजू शाईकडे. पातळ कागदातून काळं मागच्या बाजूला दिसतं, म्हणजे कुठे घासून झालं आणि कुठे राहिलं ते कळत राहतं. २५० ग्रॅमचा जाड सुती कागद देखणा असतो, पण तो प्रेससाठी. हाताने त्यावर बारीक काम उतरत नाही. कागद सरळ बसावा म्हणून पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून त्यांत ब्लॉक टेकवा आणि कागदाची कडही तिथेच लावा.

घासणं

कागद टेकवला की आधी तळव्याने मधून कडांकडे दाबत न्या. मग वर एक बेकिंग पेपर ठेवा, नाहीतर कागदाची लव उठते. लाकडी चमच्याची पाठ किंवा जपानी बारेन (घासायची चपटी गोल गादी), दोन्ही चालतं. बारीक कामाला मी चमचा घेते, कारण त्याचा फुगवटा छोट्या जागेत नेमका बसतो. सपाट काळ्या भागात जोर लावा, लहान गोल काढत. पिसांच्या भागात जोर कमी आणि फेऱ्या जास्त. तिथे जोर लावला तर कागद चरात दबतो, तळाची शाई उचलतो आणि केसरेषा बुजतात. मोकळ्या पांढऱ्या जागेवर चमचा न्यायचाच नाही.

मध्ये डोकावून बघता येतं, हा हातछपाईचा मोठा फायदा. कागदाचा अर्धा भाग वजनाखाली किंवा तळव्याखाली घट्ट धरा आणि दुसरा अर्धा हळूच उचला. फिकट दिसलं तर परत टेकवून घासा, खूपच फिकट असेल तर उचललेलं असतानाच छोट्या रोलरने तेवढ्याच भागाला शाई द्या. पूर्ण झालं की एका कोपऱ्यातून तिरकं, सावकाश सोलून घ्या.

पहिले दोन-तीन छाप फिकट येतात. कोरडा लिनो शाई पितो, त्यात काळजीचं काही नाही. त्यानंतरही काळ्यात पांढरी टिंबं राहिली तर शाई किंवा घासणं कमी पडलं. एखाद्या ठिपक्याभोवती गोल पांढरं कडं असेल तर तिथे कचरा आहे. रेषा दुहेरी दिसल्या तर कागद सरकला. बारीक चर बुजू लागले तर आधी शाई न लावता एक-दोन छाप वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर काढा. तरीही बुजलेलेच राहिले तर दात घासायच्या मऊ ब्रशला थेंबभर खाद्यतेल लावून ती जागा साफ करा आणि कोरडी पुसा.

प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेला छाप, भिंतीवर लावा, दूर जा, मग उलटं लावून बघा. कुठे आणखी कोरायचं वाटतं तिथे प्रूफवरच पांढऱ्या पेन्सिलीने करून बघा आणि एक रात्र जाऊ द्या. माझ्या बाबतीत सकाळी त्यातल्या निम्म्या खुणा अनावश्यक वाटतात. डोक्यावर आणि पाठीवर उजेड आणखी हवासा वाटणं हा नेहमीचा मोह आहे. तिथे काळं कमी झालं की कावळा करडा होतो आणि डोळ्यातला तो ठिपका दिसेनासा होतो.

रंगाविषयी थोडक्यात: पिकासोने १९५०च्या दशकाच्या अखेरीस एकच ब्लॉक टप्प्याटप्प्याने कोरत, प्रत्येक टप्प्याला नवा रंग छापत लिनोकट केले. ती पद्धत जोरकस आहे, पण शेवटच्या टप्प्यापर्यंत ब्लॉकच उरत नाही. बारीक कामाच्या कावळ्याला रंग हवाच असेल तर काळ्यासाठी हा ब्लॉक जसाच्या तसा ठेवा आणि मागच्या रंगासाठी दुसरा साधा ब्लॉक घेऊन आधी तो छापा.

तेलाची शाई वाळायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, हवेवर अवलंबून. छाप चिमट्यांनी दोरीवर टांगा, एकावर एक ठेवू नका. वाळल्यावर छापाखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, म्हणजे वीसपैकी तिसरा असेल तर ३/२०, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही. स्वतःसाठी ठेवलेल्या प्रतींवर क्रमांकाऐवजी ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात. ब्लॉक खाद्यतेलाच्या कापडाने पुसा, मग किंचित साबणाच्या फडक्याने. पाण्याखाली धरू नका. तागाची पाठ पाणी पिते आणि लिनो वाकतो. कोरड्या कागदात गुंडाळून, आडवा आणि उन्हापासून दूर ठेवा. पुन्हा छापायला काढाल तेव्हा शाई लावण्याआधी थोडी ऊब द्या.